पाटीवरचा किल्लीकाका

"ताई, सापडला! अगं, सापडला तो!"

ताईच्या एका कानाला फोन होता आणि समोरच्या खुर्चीत एक आजोबा नवीन मशीन कानात घालून बसले होते. कानाच्या मशीनच्या दुकानात काम करणाऱ्या बाईला दोन गोष्टी जमाव्या लागतात. एक म्हणजे हळू बोलून समोरच्याला ऐकू जातंय का ते बघायचं, आणि दुसरी म्हणजे ओरडून बोलायची सवय घरी न्यायची नाही. पहिली तिला उत्तम जमायची. दुसरीचं तिच्या नवऱ्याला विचारा.

"कोण सापडला? हरवलं होतं कोण?" ती कुजबुजली.

"मी कुठे हरवलोय? मी इथेच आहे," आजोबा म्हणाले. म्हणजे मशीन झकास लागलं होतं.

"किल्लीकाका गं!" तिकडून धाकटा भाऊ ओरडत होता. वय चाळिशीच्या पुढे, डोक्यावर केस मोजके, पण घरात आणि बाजारात सगळ्यांसाठी अजून बारक्याच. "ते जुन्या मालिकांचं चॅनेल आहे ना, त्याच्या जाहिरातीत आत्ता दिसला. तीच टोपी, तीच मिशी, हातात तीच तार! रविवारी दुपारी लावणार आहेत, पहिल्या भागापासून. मी दुकानात उभ्या उभ्या नाचलो. गिऱ्हाईक घाबरून पळालं!"

ताईने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अरे वा," ती म्हणाली. तिचं 'अरे वा' इतकं मरगळलेलं होतं की आजोबांनी काळजीने विचारलं, "घरी सगळे बरे आहेत ना?"

आता हा किल्लीकाका कोण, आणि एवढी आनंदाची बातमी ऐकून बाईचं तोंड का उतरावं, ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल. घाबरू नका, फार लांब नेत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांपर्यंतच जायचंय.

त्या दोन खोल्यांत ही दोघं भावंडं आणि त्यांची आई राहायची. वडील लवकर गेले. आई एका हॉटेलच्या धुलाईखात्यात चादरींना इस्त्री करायची आणि तिची पाळी नेमकी संध्याकाळची. ताई दहाची, बारक्या पाचचा. पाचचा म्हणजे काय, नुसता पारा! एकदा डोळा चुकवून जिने उतरला तो थेट कोपऱ्यावरच्या एका उभ्या टेम्पोत जाऊन झोपला. टेम्पो निघायच्या आत सापडला म्हणून ठीक. तेव्हापासून आई कामाला जाताना दाराला बाहेरून कुलूप घालून जायला लागली. तिने तरी काय करावं? पोटासाठी जाणं भाग आणि पोरासाठी कुलूप भाग.

कुलूप खट् करून लागलं की बारक्याचा भोंगा सुरू.

"आई किल्ली विसरली तर?"

"नाही विसरत."

"पडली तर? गटारात पडली तर?"

"पिशवीत असते, नाही पडत."

"पिशवीच पडली तर?"

असा वकिली पोरगा. आणि उत्तर संपलं की रडणं चालू. ताई त्याला मांडीवर घेऊन बसायची, गोष्टी सांगायची, नकला करायची, एकदा तर डोक्यावर पातेलं घालून नाचलीसुद्धा. पातेलं अडकलं आणि मग दोघंही रडली.

त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी अरुंद गल्लीवर उघडायची आणि गल्लीपलीकडे एक बऱ्यापैकी सुखवस्तू घर होतं. त्यांची काच कायम बंद, पण पडदा उघडा, आणि खिडकीसमोरच त्यांचा टीव्ही. चित्र दिसायचं, आवाज मात्र एक अक्षर यायचा नाही. एका संध्याकाळी बारक्या खिडकीच्या कठड्याला हनुवटी टेकवून मुसमुसत होता. पलीकडे टीव्हीवर एक माणूस आला. डोक्यावर चपटी टोपी, ओठांवर झुपकेदार मिशी. तो एका बंद दारापुढे वाकला, खिशातून बारीक तार काढली, कुलपात घातली, आणि दार उघडलं.

बारक्याचं रडणं जिथल्या तिथे थांबलं.

"ताई, हा कोण?"

ताईला तरी काय ठाऊक! पण पोरगं गप्प झालंय म्हटल्यावर ती संधी सोडते होय? "हा किल्लीकाका," ती म्हणाली. "आत कुणीतरी अडकलंय. त्यांची किल्ली हरवली. कुणी असं अडकलं की हा येतो आणि सोडवतो."

"कुणालापण?"

"कुणालापण."

"तुला कसं कळलं? आवाज तर येत नाही."

इथे ताई अडली, पण क्षणभरच. "मला ओठ वाचता येतात," ती म्हणाली. शाळेत कुणीतरी असं काहीतरी सांगितलं होतं, ते वेळेला उपयोगी पडलं.

झालं! त्या दिवसापासून रोज संध्याकाळी कुलूप लागलं की बारक्या स्वतःहून खिडकीपाशी जाऊन बसायचा. रडणं बंद. प्रश्न मात्र दुप्पट. किल्लीकाका रात्रीच का जातो? अंधारात किल्ल्या जास्त हरवतात म्हणून. हातमोजे का घालतो? गार कुलपाने बोटं आखडतात. खिडकीतून का शिरला? दार फुगलंय. जाताना पिशवी भरून काय घेऊन गेला? बिघडलेली कुलपं, घरी नेऊन दुरुस्त करणार. पळतोय का? पुढच्या घरी लोक ताटकळलेत. आणि हे पोलीस त्याच्या मागे का लागलेत? पोलीस ठाण्याची किल्ली हरवली, म्हणून त्याला बोलवायला आलेत!

आता तुम्ही हसताय. पण दहा वर्षांच्या पोरीला काही कळत नसतं असं समजू नका. पहिले काही दिवस तिला स्वतःलाही तो भला माणूस वाटला होता. पिशवी दिसली तेव्हा शंका आली. पोलीस मागे लागले तेव्हा शंका फिटली. आणि शेवटच्या भागात त्याच्या हातात बेड्या पडल्या, भोवती गर्दी जमली, तेव्हा बारक्याने तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, "ताई, हे काय करतायत?"

"सत्कार," ताई म्हणाली. "त्या बेड्या त्याला सगळ्यांसमोर उघडून दाखवायच्यात."

बारक्याने टाळ्या वाजवल्या.

बाकीच्यांच्या मुलांना मोठं होऊन विमान चालवायचं असतं. आमच्या बारक्याला कुलपं उघडायची होती. आधी आईच्या ट्रंकेचं उघडलं, मार खाल्ला. मग शेजारणीचं उघडलं, शाबासकी मिळाली, कारण ती खरंच बाहेर अडकली होती. शिक्षण जेमतेम झालं, पण एका म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली राहून त्याने कुलूप कोळून प्यायलं. आणि मग बाजारपेठेत स्वतःचं दुकान टाकलं. एवढंसं, पण नीटनेटकं. भिंतभर खुंट्यांवर कोऱ्या किल्ल्या, टेबलावर किल्ली कापायचं यंत्र, त्याखाली पितळेचा चुरा, आणि सगळ्या दुकानाला तेलाचा वास. दारावर पाटी: 'किल्लीकाका कुलूपवाले. अडकलात तर हाक मारा.' आणि शेजारी रंगाऱ्याकडून काढून घेतलेलं चित्र. चपटी टोपी, झुपकेदार मिशी, हातात तार.

उद्घाटनाची फीत कापायला कोण? अर्थात ताई. पाटीकडे बघत ती कात्री घेऊन उभी राहिली आणि तिला घाम फुटला. तेव्हा सांगायला हवं होतं, कबूल. पण ज्याने हौसेने पाटी लावली त्याला पाटीखालीच उभं करून सांगायचं, 'बाबा रे, हा चोर आहे'? तुम्ही सांगितलं असतंत? मग गप्प बसा.

बरं, बारक्या तरी गप्प बसणारा आहे का? येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो मालिकेची गोष्ट सांगायचा. "आवाज नव्हता हो. पण आमच्या ताईला ओठ वाचता येतात." आणि ताई दुकानात असली की लोक तिच्याकडे आदराने बघायचे आणि बोलताना तोंडावर हात धरायचे. पुढे ती कानाच्या मशीनच्या दुकानात लागली. तिथे एक शिक्षिका यायच्या, जन्मापासून ऐकू न येणाऱ्या, अन् खरोखर ओठ वाचणाऱ्या. ताईने त्यांना सहज विचारलं, तर त्या हसून म्हणाल्या, "समोर बसून, चांगल्या उजेडात, निम्मं कळतं. निम्मं मी जुळवते." आणि ही बया गल्लीपलीकडून, काचेतून, झुपकेदार मिशीखालचे ओठ वाचत होती! ताईने तो विषय पुन्हा काढला नाही.

तर अशी सगळी गोम. आता रविवारी त्या मालिकेला आवाज येणार होता.

कुलूपवाल्याचा धंदा कशावर चालतो सांगा. यंत्रावर नाही, विश्वासावर. निम्म्या बाजारपेठेच्या जादा किल्ल्या बारक्याच्या दुकानात खिळ्यांना लटकत होत्या. लोक डोळे मिटून ठेवायचे. त्या लोकांना कळलं की पाटीवरचा माणूस घरफोड्या आहे, तर? ही झाली एक भीती. पण खरं सांगायचं तर ती लहान भीती. पाटी काय, पुन्हा रंगवता येते. मोठी भीती अशी, की बारक्या तिच्याकडे वळून म्हणेल, 'ताई, तू खोटं बोललीस.' या जगात बारक्याने कशावरही विश्वास ठेवला नसेल, इतका तिच्या शब्दावर ठेवला होता. तो गेला तर मग काय उरलं? आठवडाभर ताईला जेवण गोड लागलं नाही.

रविवारी ती वेळेच्या पुष्कळ आधी दुकानात पोचली. म्हटलं, लोक यायच्या आत त्याला बाजूला घेऊन सांगून टाकू. पण बाजूला घ्यायला माणूस जागेवर सापडायला हवा ना! बारक्याने घरचा मोठा टीव्ही उचलून दुकानात आणून टेबलावर बसवला होता. खुर्च्या मांडल्या होत्या, खाऱ्या दाण्यांच्या वाट्या भरल्या होत्या, आणि स्वतः इस्त्रीचा शर्ट घालून नवरदेवासारखा मिरवत होता.

"बारक्या, ऐक ना जरा."

"थांब गं, वायर बघू दे."

"बारक्या, महत्त्वाचं आहे."

"मालिकेपेक्षा? ताई, आज मालिकेपेक्षा काही महत्त्वाचं नाही. तू पुढे बस. तुझा मान पहिला!"

भावजय चहाचा थर्मास घेऊन आली. ती हसत म्हणाली, "ताई, काल रात्री झोपेत 'सत्कार, सत्कार' म्हणत होते. काय जादू केलीत हो तुम्ही?"

ताईला तिथेच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. तेवढ्यात लोक यायला लागले. शेजारचे मेडिकलवाले आले, ज्यांना प्रत्येक गोष्टीत आपलं मत असतं आणि जे आठवड्यातून एकदा तरी दुकानाची किल्ली घरी विसरतात. समोरच्या टेलरबाई आल्या, गळ्यात टेप तशीच. आणखी पाच-सात जण आले. ताईने शेवटचा उपाय म्हणून हळूच रिमोट उचलला आणि पर्समध्ये टाकला. काय उपयोग? कुलपं उघडणाऱ्या माणसाला टीव्हीमागचं बटण सापडणार नाही असं तिला वाटलं तरी कसं, देव जाणे. बारक्याने मागे हात घालून टीव्ही लावला.

नाव झळकलं: 'बोटांची जादू'.

"बघा!" बारक्या खूश. "नावसुद्धा साजेसं!"

आणि आला की तो! तीच टोपी, तीच मिशी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मेडिकलवाले म्हणाले, "अगदी पाटीसारखा हो!" एका बंद दारापुढे तो उभा राहिला, शेजारी एक हडकुळा साथीदार. किल्लीकाकाने तोंड उघडलं.

आवाज चिरका निघाला. ताईने त्याला इतकी वर्षं भारदस्त, खर्जातला आवाज दिला होता. बारक्याच्या कपाळावर एक आठी पडली.

"म्हातारी झोपली का?" टीव्हीतला किल्लीकाका म्हणाला. "तिजोरी आतल्या खोलीत आहे ना?"

दुकानात कुणीतरी दाणा चावला, तो सगळ्यांना ऐकू आला.

दार उघडलं. किल्लीकाका साथीदाराकडे बघून हसला. "लोकांचा कुलपावर फार विश्वास असतो बघ," तो म्हणाला. "म्हणून तर आपलं पोट भरतं."

सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. आधी भिंतीवरच्या कुलपांकडे, मग खिळ्यांवरच्या किल्ल्यांकडे, आणि मग बारक्याकडे.

"अहो, हा तर चोर!" मेडिकलवाले म्हणाले. गोष्ट सगळ्यांना कळली होती, पण बोलून दाखवल्याशिवाय त्यांचं अन्न पचत नाही. "चक्क घरफोड्या! आणि माझी किल्ली इथे..."

बारक्या टीव्हीकडे बघत राहिला. चोराने तिजोरी उघडली, पिशवी भरली, खिडकीतून उडी मारली. जाहिरात लागली, तेव्हा तो सावकाश ताईकडे वळला. चेहरा असा, की तिला पाच वर्षांचा बारक्या समोर दिसला.

"ताई," तो म्हणाला, "तुला ओठ वाचता येतात ना?"

"नाही रे," ताई म्हणाली. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. "कधीच येत नव्हते."

"म्हणजे ती पिशवी?"

"चोरीचा माल."

"बिघडलेली कुलपं नव्हती?"

"नाही."

"आणि पोलीस? ठाण्याची किल्ली?"

"त्याला पकडायला आले होते."

बारक्याने ओठांवरून जीभ फिरवली. "सत्कार?"

"अटक, बारक्या. अटक झाली त्याला."

मेडिकलवाल्यांनी हसू दाबायचा फार प्रयत्न केला, पण ते नाकातून आलंच. टेलरबाईंनी त्यांना कोपर मारलं. बारक्या उठला. कोपऱ्यातली शिडी खांद्यावर टाकली आणि बाहेर गेला. भावजय घाबरून म्हणाली, "पाटी काढतायत बहुतेक." ताई तिच्याआधी उठली होती.

बाहेर रविवारची दुपार, रस्ता रिकामा. बारक्याने शिडी भिंतीला टेकवली होती, पण चढला नव्हता. नुसता पाटीकडे बघत उभा होता.

"चिडलास?" ताई म्हणाली. "चिड. मला चार शिव्या घाल, पण बोल काहीतरी. मी तुला सांगणार होते रे, खूपदा. तू इतका खूश असायचास की माझी जीभच रेटायची नाही."

"ताई, एक विचारू?"

"विचार."

"आई कुलूप घालून जायची, तेव्हा तूपण आतच असायचीस ना?"

"मग? कुठे जाणार होते मी?"

"नाही गं, तसं नाही." त्याला शब्द सापडत नव्हते. "मला तेव्हा वाटायचं, मी अडकलोय. आणि तू माझ्याजवळ आहेस. तू अडकलीयस हे माझ्या डोक्यातच आलं नाही कधी. आज तो चिरका आवाज ऐकला आणि एकदम डोक्यात आलं, की हे सगळं बोलणारी तर एवढीशी पोरगी होती. माझी पोरगी आत्ता दहाचीच आहे. पाल दिसली तर पलंगावर चढते." त्याने नाक ओढलं. "तुला भीती नव्हती वाटत?"

ताईला हसून उडवून लावायचं होतं. पण तेवढं काही जमलं नाही.

"वाटायची की," ती म्हणाली. "तुझ्यापेक्षा जास्त. तू निदान भोंगा तरी पसरायचास. मी रडले असते तर तुझं काय झालं असतं? जिन्यावर पाय वाजला की माझं काळीज लटपटायचं. आई किल्ली विसरेल, असं मलाही रोज वाटायचं."

"मग तुला कोण सांगायचं, कुणीतरी येईल म्हणून?"

"मीच. तुला सांगायचे, ते माझ्यापण कानावर पडायचं ना."

बारक्याने इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीने डोळे पुसले आणि बाहीचा सत्यानाश केला. ताईने पर्समधून रुमाल काढायला हात घातला, तर हाताला रिमोट लागला. तिने तोच त्याच्या हातात दिला. दोघं हसली, म्हणजे खरंच हसली, अगदी वाकून.

तेवढ्यात मेडिकलवाले बाहेर आले. "काढताय ना पाटी? काढा, काढा! मी म्हणतो, नवीन करू. झकासपैकी एखादा सिंह काढू. चोराचं चित्र कुलपाच्या दुकानावर बरं दिसतं का? लोक काय म्हणतील?"

बारक्याने खिशातून फडकं काढलं आणि शिडी चढला. पाटीवरची टोपी पुसली, मिशी पुसली, हातातली तार पुसली.

"धूळ बसली होती," तो वरून म्हणाला. "पाटी राहणार."

"अहो, पण चोर..."

"तो आतला चोर. त्याची माझी ओळख नाही. हा आमच्या स्वयंपाकघरातला आहे, ह्याने जन्मात कुणाचं काही नेलं नाही. आणि तुमची किल्ली हवी असेल तर तिसऱ्या खिळ्यावर आहे. खुशाल काढून घ्या."

मेडिकलवाल्यांनी आत बघितलं, वर बघितलं, डोकं खाजवलं. "राहू दे," ते म्हणाले. "परवा परत विसरणारच आहे मी."

"मग तोपर्यंत शिडी धरा."

काय करणार? धरली बिचाऱ्यांनी.

आतून टेलरबाईंची हाक आली. "अहो, सुरू झालं! या लवकर! मेला आता पोलिसाच्याच घरी शिरतोय!" मागोमाग भावजयीचा आवाज, "शिरू दे, शिरू दे, कपाटामागे लप म्हणावं!" म्हणजे आतली मंडळी चोराच्या बाजूने झाली होती.

"चल," ताई म्हणाली. "बघायचंय ना तुला? आठवडाभर डोकं खाल्लंस माझं."

"मी बघितलीय ती," बारक्या म्हणाला. "तुझ्याकडून. एकूण एक भाग. तू मात्र कधी धड बघितली नसशील. सगळं लक्ष माझ्या प्रश्नांकडे. तू जा, आज नुसती बघ. मला इथे कोपऱ्यातला रंग निघालाय तो बघायचाय."

"एकटी?"

"एकटी कशी? सगळी आहेत की आत. आणि मी दारातच आहे."

ताई आत गेली. पहिली खुर्ची तिच्यासाठी रिकामीच ठेवली होती. भावजयीने तिच्या हातात चहा दिला, टेलरबाईंनी दाण्यांची वाटी पुढे सरकवली, पण नजर कुणी टीव्हीवरून काढली नाही. टोपीवाला खिडकीच्या कठड्यावरून आत शिरत होता, मिशीला कोळ्याची जाळी लागली होती, आणि तो ती कुरकुरत झटकत होता. खिडकीतूनच का शिरतोय, हे तिला कुणी विचारलं नाही. ताईने पाय लांब केले, चहाचा घोट घेतला आणि पुढे काय होतंय ते बघू लागली.